यूएसबी उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना आणि ती खरेदी करणाऱ्या कार्यालयांना खुले पत्र

प्रति,
भारतात यूएसबी उपकरणे बनवणाऱ्या, तसेच आयात करून आपल्या नावाने विकणाऱ्या सर्व कंपन्या,
आणि शाळा, महाविद्यालये व शासकीय कार्यालयांसाठी अशा उपकरणांची खरेदी करणारे सर्व अधिकारी

विषय : उपकरणाला लिनक्सवर लागणाऱ्या नियम-फाइली पॅकेजमधून पुरवण्याबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

बोटांचे ठसे घेणारे स्कॅनर, डिजिटल सहीची टोकने, लेबल छापणारे प्रिंटर, प्रयोगशाळेत मोजमाप नोंदवणारे बोर्ड, मायक्रोकंट्रोलर शिकवण्याची किट अशी आपली अनेक उपकरणे आज लिनक्सच्या संगणकांना जोडली जातात. मी लिनक्सच्या वेगवेगळ्या डिस्ट्रोंसाठी (वितरणांसाठी) पॅकेजे, म्हणजे एका आज्ञेत बसवता आणि काढता येणारे सॉफ्टवेअरचे संच, बांधण्याचे काम करतो आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत संगणक उभे करायला मदत करतो. त्यामुळे ही उपकरणे आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या सूचना या दोन्हींशी माझा नेहमी संबंध येतो.

या सूचना बहुतेक वेळा एका पीडीएफमध्ये असतात. टर्मिनल उघडा, रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) व्हा, पुढील दोन ओळी अमुक फाइलमध्ये चिकटवा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करा, असे त्यात लिहिलेले असते. काही कंपन्या पीडीएफऐवजी एक स्क्रिप्ट देतात आणि ती हेच काम कोणाला न विचारता करून टाकते. माझी विनंती एकच आहे. त्या दोन ओळी आपण स्वतः तपासून पॅकेजमध्ये घालून द्याव्यात, आणि शक्य होईल तेव्हा ते पॅकेज डेबियन, उबुंटू, फेडोरा या डिस्ट्रोंच्या अधिकृत संग्रहांत पोहोचवावे, म्हणजे संगणक चालू होताच आपले उपकरण कोणत्याही विद्यार्थ्याच्या किंवा कारकुनाच्या हाताखाली चालू लागेल.

संगणक चालू होताना काय घडते ते आधी थोडे सांगतो, कारण या विनंतीचे कारण त्यातच आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, यूएसबीवर एखादे उपकरण सापडले की तो त्याची घोषणा करतो. त्या घोषणेत उपकरणाचा व्हेंडर क्रमांक, प्रॉडक्ट क्रमांक आणि वर्ग एकत्र गुंफलेली एक ओळ असते, तिला मोडअलायस म्हणतात. यूडेव ही सेवा ती ओळ मॉड्यूलांच्या (कर्नलला जोडता येणाऱ्या भागांच्या) यादीशी पडताळून जुळणारा ड्रायव्हर चढवते. उपकरणाची ‘/डेव्ह’ खालची नोंद कर्नलच तयार करतो, पण तिची मालकी रूटकडे असते. ती नोंद कोणाला वापरता यावी, तिला कोणते कायमचे नाव मिळावे आणि तिच्यासाठी कोणती सेवा सुरू व्हावी, हे यूडेवचे नियम ठरवतात. यूडेव २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केले, के सीव्हर्स यांनी ते पुढे नेले, आणि २०१२ पासून ते सिस्टमडी या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या कोडमध्येच आहे. त्यामुळे बहुतेक प्रचलित डिस्ट्रोंवर नियम लिहिण्याची रीत एकच आहे आणि एकदा नीट लिहिलेला नियम सगळीकडे चालतो.

बूट होताना आधीपासून जोडलेल्या उपकरणांच्या घोषणा मुद्दाम पुन्हा एकदा फिरवल्या जातात, जेणेकरून यूडेव सुरू होण्यापूर्वी सापडलेली उपकरणेही नियमांतून जावीत. त्या वेळी नियम जागेवर असेल तर वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. नियम नसेल तर उपकरण यादीत दिसते, पण उघडायला गेल्यावर परवानगी नसल्याचा संदेश येतो. मग कोणीतरी संपूर्ण प्रोग्रॅमच सुडो लावून रूट म्हणून चालवायला सांगतो, विद्यार्थी ते सवयीने करू लागतात, आणि एका परवानगीच्या ओळीअभावी प्रयोगशाळेतला प्रत्येक प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने धावू लागतो.

आपल्या पीडीएफमधील ओळी जवळपास नेहमी ‘/ईटीसी/यूडेव/रूल्स.डी’ या फोल्डरमध्ये टाकायला सांगितलेल्या असतात. हे फोल्डर संगणकाच्या व्यवस्थापकासाठी राखलेले आहे. पॅकेजमधून येणाऱ्या नियमांची जागा ‘/यूएसआर/लिब/यूडेव/रूल्स.डी’ ही आहे. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर ‘/ईटीसी’मधली लागू होते आणि दुसरीकडे दुर्लक्ष केले जाते, व्यवस्थापकाला एखादा नियम बंद करायचा असेल तर तो त्याच नावाचा दुवा ‘/डेव्ह/नल’कडे करून ठेवतो. या व्यवस्थेमुळे उत्पादकाचे म्हणणे आणि संगणकाच्या मालकाचे म्हणणे वेगवेगळे राहते आणि शेवटचा शब्द मालकाचा असतो. आपली स्क्रिप्ट जेव्हा सरळ ‘/ईटीसी’मध्ये लिहिते, तेव्हा ती मालकाच्या जागेत जाऊन बसते. पुढच्या आवृत्तीत आपण नियम सुधारला तरी ती जुनी फाइल तिथेच राहते. सॉफ्टवेअर काढून टाकल्यावरही ती राहते, आणि ती कोणी ठेवली हे दोन वर्षांनी आलेल्या नव्या प्रयोगशाळा सहायकाला कळायला काही मार्ग नसतो. फाइल पॅकेजमधून आली असती तर ‘डीपीकेजी’ किंवा ‘आरपीएम’ या पॅकेजे सांभाळणाऱ्या साधनांना एक प्रश्न विचारून तिचा मालक, तिची आवृत्ती आणि ती बदललेली आहे की नाही हे लगेच समजले असते.

फाइलच्या नावातील आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सर्वांत जास्त गोंधळ याच जागी होतो. सगळ्या फोल्डरांतील नियम-फाइली एकत्र करून नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. आपला नियम सर्वांत शेवटी लागू झाला तर तो सर्वांवर मात करील, या समजुतीने बहुतेक कंपन्या आपल्या फाइलला ९९ हा आकडा देतात. मोड (परवानगीचा आकडा) किंवा ग्रूप (वापरकर्त्यांचा गट) ठरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ओळीला त्याने बाधा येत नाही. परंतु संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्या व्यक्तीला परवानगी देण्याची आजची योग्य पद्धत म्हणजे उपकरणाला ‘यूअ‍ॅक्सेस’ हा टॅग लावणे, आणि त्या टॅगवर कृती करणारी फाइल ‘७३-सीट-लेट.रूल्स’ ही आहे. ७३ नंतर लावलेला टॅग त्या फाइलने पाहिलेलाच नसतो. म्हणून ९९ क्रमांकाच्या फाइलमधील नियम एक विचित्र लक्षण दाखवतो. वापरकर्ता लॉगिन करतो तेव्हा लॉगिनडी ही सेवा टॅग असलेल्या सर्व उपकरणांवर परवानग्या देते, त्यामुळे बूटनंतर पहिल्यांदा उपकरण चालते; पण केबल काढून पुन्हा लावली की ते बंद पडते, आणि पुन्हा लॉगिन केल्यावर परत चालू होते. हे पाहून केबल बदलली जाते, यूएसबी पोर्टला दोष दिला जातो, उपकरण दुरुस्तीसाठी परत पाठवले जाते. प्रत्यक्षात फाइलचे नाव ९९ ऐवजी ७०ने सुरू केले असते तर प्रश्नच उभा राहिला नसता.

अशाच आणखी काही बारीक गोष्टी आहेत, ज्या चाचणीच्या टेबलावर सहज सापडतात आणि ग्राहकाकडे गेल्यावर कोणालाच सापडत नाहीत. कर्नल व्हेंडर क्रमांक इंग्रजी लहान अक्षरांत देतो आणि तुलना अक्षरशः होते, म्हणून डेटाशीटमधून उतरवलेला मोठ्या अक्षरांतील क्रमांक कधीच जुळत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. ‘प्लगडेव्ह’ हा ग्रूप डेबियन आणि उबुंटूच्या परिवारात असतो, फेडोरावर नसतो. तिथे ग्रूप अनोळखी म्हणून नियमाचा तो भाग सोडून दिला जातो. कर्नलच्या ४.१४ आवृत्तीपासून उपकरणाला ड्रायव्हर जोडला गेल्याची वेगळी घोषणा येऊ लागली, त्यामुळे केवळ ‘अ‍ॅड’ किंवा ‘चेंज’ (उपकरण आल्याच्या किंवा बदलल्याच्या) घोषणांपुरते बांधलेले जुने नियम त्या नव्या घोषणेच्या वेळी आपले काम करत नाहीत. उपकरण काढल्याची घोषणा तेवढी वगळून बाकी सर्व वेळी नियम लागू होऊ द्यावा. आणि नियमातून एखादी दीर्घकाळ चालणारी सेवा थेट सुरू करू नये, कारण घोषणेवरील काम संपताच यूडेव अशा प्रक्रियांना संपवते. त्यासाठी सिस्टमडीच्या सेवेचे नाव नियमात लिहून ठेवण्याची सोय आहे आणि तीच वापरावी.

आता परवानगी ०६६६ बद्दल. हा आकडा लिहिला की उपकरण सगळ्यांसाठी चालते, आणि म्हणूनच तो लिहिला जातो. पण सगळ्यांमध्ये त्या संगणकावरचा वेब सर्व्हर, पाहुण्यांचे खाते आणि ब्राउझरबाहेर पडण्यात यशस्वी झालेला एखादा घातक प्रोग्रॅमही येतो. तापमान मोजणाऱ्या बोर्डाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. बोटांचा ठसा घेणाऱ्या यंत्राच्या किंवा प्राप्तिकर विवरणपत्र, जीएसटी आणि निविदांवर सही करणाऱ्या टोकनच्या बाबतीत हे कदापि चालू नये. ज्या कंपन्या अशी टोकने विकतात त्यांना माझे विशेष सांगणे आहे की त्यांनी स्मार्टकार्डसाठीच्या सीसीआयडी या प्रमाणित यूएसबी वर्गाचे तंतोतंत पालन करावे आणि आपला क्रमांक मुक्त सीसीआयडी ड्रायव्हरच्या यादीत नोंदवून घ्यावा. मग ‘पीसीएससीडी’ ही स्मार्टकार्ड हाताळणारी सेवा आणि तिच्याबरोबर येणारे नियम परवानगीचे काम सांभाळतात आणि कंपनीला स्वतःचा यूडेव नियम लिहिण्याची गरज उरत नाही.

जिथे समोर कोणी बसलेले नसते, उदाहरणार्थ कपाटात ठेवलेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा केवळ नेटवर्कवरून वापरला जाणारा सर्व्हर, तिथे ‘यूअ‍ॅक्सेस’ उपयोगाचा नाही. अशा ठिकाणी उपकरण वापरणारी सेवा स्वतःच्या वेगळ्या खात्याखाली चालवावी, त्या खात्याचा ग्रूप पॅकेजमधील ‘सिसयूजर्स.डी’च्या फाइलने तयार करावा आणि नियमात त्याच ग्रूपला ०६६० (मालक आणि ग्रूप यांच्यापुरतीच) परवानगी द्यावी. एवढे सगळे एका पीडीएफच्या पानावरून प्रत्येक ग्राहकाने बिनचूक करावे ही अपेक्षा रास्त नाही. पॅकेज मात्र ते दर वेळी सारखेच करते.

या सगळ्यांपेक्षा गंभीर प्रश्न उधारीच्या ओळखक्रमांकांचा आहे आणि त्याचे एक जाहीर उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या ग्राहकांनी अनुभवलेले आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो (मायक्रोकंट्रोलर शिकण्याच्या) बोर्डांपैकी पुष्कळांवर सीएच३४० ही यूएसबी-सीरियल चिप असते. तिचा क्रमांक १ए८६:७५२३ हा आहे आणि तो बोर्डाचा नसून चिपचा आहे. जगभरातील असंख्य वेगवेगळी उपकरणे हाच क्रमांक सांगतात. त्यांत एक ब्रेल वाचक यंत्रही आहे. दृष्टिहीनांसाठी ब्रेल पडदे चालवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम उबुंटूच्या डेस्कटॉपवर आधीपासून असतो आणि त्याच्या नियमांत हा क्रमांक लिहिलेला होता. एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ आले आणि त्यावर आर्डुइनो जोडला की ‘टीटीवाययूएसबी०’ ही नोंद क्षणभर दिसून नाहीशी होऊ लागली, कारण बीआरएलटीटीवाय त्या चिपला ब्रेल यंत्र समजून तिचा ताबा घेत होता. इंटरनेटवर सर्वत्र एकच उपाय सांगितला गेला, तो म्हणजे बीआरएलटीटीवाय काढून टाका.

या प्रसंगात चूक एका प्रोग्रॅमची आहे असे मला वाटत नाही. ब्रेल यंत्राने बूट होताच, लॉगिनच्याही आधी चालू झाले पाहिजे; दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावर काय लिहिले आहे हे कळायला अनेकदा तोच मार्ग असतो आणि ‘टर्मिनल उघडून ही ओळ चिकटवा’ असे तिला सांगण्यात काहीच अर्थ नाही. म्हणजे आपोआप चालू होण्याची गरज ज्याची सर्वांत मोठी, त्याच्याच नियमाने दुसऱ्याचे उपकरण बंद पाडले, आणि ते सुरू करण्यासाठी सामाईक प्रयोगशाळेतल्या संगणकांवरून ब्रेलची सोय काढून टाकली गेली. ज्या यंत्राला स्वतःची ओळख नव्हती, त्याला ओळखण्यासाठी नियम लिहिणाऱ्यांकडे चिपच्या क्रमांकाशिवाय दुसरे काही नव्हते. हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांच्या टेबलावर सुटायला हवा होता.

म्हणून उपकरणाची रचना करतानाच आपण त्याला स्वतःची ओळख द्यावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हे क्रमांक देणाऱ्या यूएसबी-आयएफ या संस्थेकडून स्वतःचा व्हेंडर क्रमांक घेणे हा सरळ मार्ग आहे. आपले हार्डवेअर किंवा फर्मवेअर खुल्या परवान्याखाली असेल तर पिड.कोड्स या उपक्रमातून १२०९ या व्हेंडर क्रमांकाखाली एक प्रॉडक्ट क्रमांक विनामूल्य मिळतो. तेही शक्य नसेल तर निदान चिपच्या ईईप्रॉममध्ये (तिच्या कायमच्या स्मृतीत) उत्पादकाचे नाव, उपकरणाचे नाव आणि अनुक्रमांक भरावा, जेणेकरून एफटीडीआय कंपनीच्या चिपच्या ०४०३:६००१ सारख्या सामाईक क्रमांकाबरोबर त्या नावाशीही नियम जुळवता येईल. सीएच३४०च्या ‘जी’ प्रकारात अनुक्रमांक ठेवण्याची सोयच नाही. एकाच संगणकाला तिचे दोन बोर्ड लावले तर कोणत्या पोर्टला लावले आहेत एवढ्यावरूनच ते वेगळे ओळखता येतात. वजनकाटा आणि प्रिंटर दोन्ही तीच चिप वापरत असतील, तर एकाला दुसरे समजले जायला केबलची एक अदलाबदल पुरेशी असते. काही रुपये वाचवताना आपण कोणती चिप निवडतो, याचा परिणाम असा दूरवर होतो.

याच विषयाला लागून एक सवय सांगायला हवी. काही कंपन्या आपला स्वतंत्र ड्रायव्हर चालावा म्हणून कर्नलमधील ‘एफटीडीआय_एसआयओ’ हे मॉड्यूल ‘मोडप्रोब.डी’ या मॉड्यूलांच्या सूचना ठेवण्याच्या फोल्डरमध्ये काळ्या यादीत टाकायला सांगतात. त्याने आपले उपकरण चालते आणि त्या संगणकावरचे एफटीडीआय चिपचे इतर प्रत्येक उपकरण बंद पडते. लिबयूएसबी या यूएसबी हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये एखाद्याच उपकरणापुरता कर्नलचा ड्रायव्हर बाजूला करण्याची सोय आहे. ती वापरावी.

मॉड्यूलचे पर्याय देणाऱ्या फाइलींबाबत आणखी एक लक्षात ठेवावे. संगणक आधी इनिटरॅमएफएस या छोट्या फाइलसंचातून चालू होतो आणि काही ड्रायव्हर तिथेच चढतात. आपली फाइल त्या संचात नसेल तर मुख्य डिस्कवर ती असून उपयोग होत नाही. पॅकेजच्या स्थापनेनंतर डेबियनवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ आणि फेडोरावर ‘ड्रॅकट’ चालवून तो संच पुन्हा बांधला गेला पाहिजे. ज्यांची उपकरणे बूटच्या इतक्या सुरुवातीला लागत नाहीत, त्यांना याची चिंता करण्याचे कारण नाही.

पॅकेज बांधणे अवघड असते, अशी समजूत मला अनेकदा ऐकायला मिळते. नियमापुरते पॅकेज खरोखर लहान असते. डेबियनच्या डेबहेल्पर या पॅकेज बांधण्याच्या साधनसंचात ‘डीएच_इन्स्टॉलयूडेव’ हे साधन आहे. पॅकेजच्या नावाने ‘.यूडेव’ अशी फाइल ठेवली की ते साधन ती योग्य फोल्डरमध्ये ६० हा आकडा लावून ठेवते, जो ७३च्या आधी येतो. फेडोराच्या आरपीएममध्ये या फोल्डरसाठी तयार मॅक्रो आहे. नवीन नियम यूडेव स्वतःहून वाचते, पण आधीपासून जोडलेल्या उपकरणाला तो लागू व्हावा यासाठी स्थापनेच्या शेवटी ‘यूडेवअ‍ॅडम ट्रिगर’ ही आज्ञा आपल्या उपकरणापुरती चालवावी. त्यानंतर संगणक बंद-चालू करायला सांगण्याची गरज राहत नाही. सिस्टमडीच्या २५४ व्या आवृत्तीपासून ‘यूडेवअ‍ॅडम व्हेरिफाय’ ही आज्ञा नियमातील लेखनाच्या चुका दाखवते, ती बाहेर पाठवण्यापूर्वी चालवावी. अ‍ॅपस्ट्रीमच्या (सॉफ्टवेअरचे वर्णन करणाऱ्या) माहिती-फाइलमध्ये आपल्या उपकरणाची मोडअलायस ओळ लिहून ठेवली तर कोणत्या उपकरणासाठी कोणते पॅकेज हवे हे डिस्ट्रोंच्या साधनांना शोधता येते.

नियम-फाइल आपल्या मोठ्या बंदिस्त सॉफ्टवेअरपासून वेगळी ठेवावी आणि एमआयटीसारख्या साध्या परवान्याखाली प्रसिद्ध करावी, असेही मी सुचवतो. आपले मुख्य सॉफ्टवेअर खुले नसले तरी या ओळींमध्ये कोणतेही व्यापारी गुपित नसते. स्टीम हा गेम खेळण्याचा बंदिस्त प्रोग्रॅम आहे, पण त्याच्या गेम-कंट्रोलरांचे नियम ‘स्टीम-डिव्हायसेस’ या वेगळ्या पॅकेजात डिस्ट्रोंकडून मिळतात. अशा वेगळेपणाची गरज आता वाढत आहे. डिस्ट्रोवर अवलंबून न राहता प्रोग्रॅम पोहोचवणाऱ्या फ्लॅटपॅक किंवा अ‍ॅपइमेजमधून दिलेला प्रोग्रॅम स्वतः यूडेव नियम बसवू शकत नाही, आणि फेडोरा सिल्व्हरब्लूसारख्या डिस्ट्रोंमध्ये ‘/यूएसआर’ हा भाग केवळ वाचण्यापुरता असल्याने तिथे लिहू पाहणारी स्क्रिप्ट थेट अपयशी ठरते. नियम डिस्ट्रोकडेच असेल तर या दोन्ही अडचणी येत नाहीत.

हे भारतात होऊ शकते याचा दाखला नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरने दिलेला आहे. त्यांच्या फिनिक्स प्रकल्पातून भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी एक्सपआइज हे छोटे उपकरण तयार झाले आणि त्याचे सॉफ्टवेअर डेबियनच्या संग्रहात आहे. डेबियन वापरणाऱ्या शिक्षकाला ते नेहमीच्या पॅकेज व्यवस्थापकातून एका आज्ञेत मिळते, कोणत्याही संकेतस्थळावरून काही उतरवावे लागत नाही. एका सार्वजनिक संशोधन संस्थेला हे जमले. व्यापारी कंपन्यांकडे याहून अधिक मनुष्यबळ आहे.

आता खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचे डेबियनवर आधारलेले बॉस लिनक्स २००७ पासून आहे, केरळमधील सरकारी शाळा काइट या राज्याच्या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेच्या लिनक्सवर चालतात, आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प देशभरातील महाविद्यालयांत मुक्त साधने पोहोचवतो. म्हणजे लिनक्सचा संगणक सरकारी खरेदीत आता अपवाद राहिलेला नाही. तरीही निविदांमध्ये उपकरणासमोर केवळ ‘लिनक्सशी सुसंगत’ एवढेच दोन शब्द असतात आणि त्यांची पूर्तता एका पीडीएफने होते. आपण निविदेत ही अट स्पष्ट लिहावी : अमुक डिस्ट्रोच्या अमुक आवृत्तीच्या ताज्या स्थापनेवर, विक्रेत्याने दिलेले पॅकेज नेहमीच्या पॅकेज व्यवस्थापकाने बसवल्यानंतर, उपकरण रूट नसलेल्या वापरकर्त्याकडे चालले पाहिजे, केबल काढून पुन्हा लावल्यावर चालले पाहिजे, उपकरण जोडलेले असताना संगणक चालू केल्यावर चालले पाहिजे, आणि पॅकेज काढल्यावर त्याची एकही फाइल मागे राहता कामा नये. ही तपासणी करायला अर्धा तास लागतो आणि तिला कोणताही तज्ज्ञ लागत नाही. नमुना उपकरण स्वीकारतानाच ती केली तर शंभर शाळांमध्ये उपकरणे पोहोचल्यानंतरची धावपळ वाचेल. त्याचबरोबर उपकरणाला स्वतंत्र ओळखक्रमांक किंवा निदान स्वतंत्र नाव व अनुक्रमांक असावा, हीही अट असावी. ती घातली तर बाजारातील स्वस्तातला स्वस्त पर्याय कधीकधी बाद होईल, याची मला जाणीव आहे. तरीही ती घालावी असे माझे मत आहे, कारण एकाच क्रमांकाची चार निरनिराळी यंत्रे एका टेबलावर आली की त्यांच्यासाठी कोणताही नियम खात्रीने लिहिता येत नाही आणि त्या अनिश्चिततेचा खर्च पुढची काही वर्षे शाळा सोसत राहते.

कंपन्यांनी पहिले पाऊल म्हणून आपल्या पीडीएफमधील त्या ओळी, उपकरणांच्या क्रमांकांसह, एखाद्या सार्वजनिक कोडसंग्रहात खुल्या परवान्याखाली ठेवाव्यात आणि पीडीएफमध्ये त्याचा पत्ता द्यावा. पॅकेज बांधायला आज आपल्याकडे कोणी नसेल तरी एवढे करायला हरकत नसावी. त्या ओळी उपलब्ध झाल्या की त्यांचा क्रम, परवानग्या आणि जुळणी तपासून डेबियनसाठी पॅकेज तयार करण्याचे काम मी विनामूल्य करीन, आणि हे काम जाणणारे माझे सहकारी फेडोरासाठी तेच करायला तयार आहेत. त्यासाठी आपल्याकडून प्रत्येक प्रकारच्या उपकरणाचा एक नग आणि त्याचा ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने दाखवलेला संपूर्ण डिस्क्रिप्टर (उपकरणाने स्वतःबद्दल दिलेली माहिती) एवढेच लागेल. पुढे क्रमांक किंवा फर्मवेअर बदलले तर ते आम्हाला वेळेवर कळवणारी एक व्यक्ती आपण आपल्या कंपनीत नेमावी, ही त्यासोबतची एकमेव अट आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
लिनक्स पॅकेजांची देखभाल करणारा एक कार्यकर्ता,
पुणे